धुराचे पाप कोणाच्या खात्यावर?

लंडनमधील कोरोनर फिलिप बार्लो यांनी १६ डिसेंबर २०२० रोजी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची कारणे तीन ओळींत नोंदवली. श्वसन बंद पडणे, ही पहिली. तीव्र दमा, ही दुसरी. आणि तिसरी, प्रदूषित हवेशी आलेला संपर्क. पहिल्या दोन ओळी कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या कागदांत सापडतील. तिसरी ओळ ब्रिटनमध्ये त्याआधी कोणाच्याही मृत्यूच्या नोंदीत उमटलेली नव्हती.

मुलीचे नाव एला अडू-किस्सी-डेब्रा. घर आग्नेय लंडनच्या लुइशम भागात, साउथ सर्क्युलर या अखंड वाहत्या रस्त्यापासून पंचवीस-तीस मीटरवर. सात वर्षांची होण्याच्या सुमारास तिला खोकल्याने धरले आणि मग सोडलेच नाही. पुढच्या दोन-अडीच वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा तिला इस्पितळात दाखल करावे लागले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी ती गेली. २०१४ मध्ये झालेल्या पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. तिची आई रोझमंड शिक्षिका. तिने प्रश्न विचारणे थांबवले नाही. पुढे प्रा. स्टीफन होलगेट या श्वसनरोगतज्ज्ञाने एलाच्या आजारपणाच्या तारखा आणि जवळच्या केंद्रांवर मोजलेले प्रदूषणाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला, नव्याने सुनावणी झाली आणि ती तिसरी ओळ लिहिली गेली.

कोरोनरला कोणावर दोष ठेवण्याचा अधिकार नसतो. मृत्यू कोणाचा, कुठे, केव्हा आणि कसा, एवढेच त्याने ठरवायचे. त्यामुळे हा निकाल मोठा विचित्र ठरला. मृत्यूला कारण आहे, ते कारण माणसांनीच निर्माण केले आहे आणि तरीही मारणारा कोणी नाही. त्या रस्त्यावरून गेलेला एक चालक कामावर निघाला होता, दुसरा आजारी बापाला डॉक्टरकडे नेत होता, तिसरा घरोघरी सामान पोहोचवत होता. यांतल्या एकाचीही गाडी त्या दिवशी बंद पडली असती तरी एलाच्या छातीत तसूभर फरक पडला नसता. मग पाप कोणी केले? मुळात पाप झाले का?

या प्रश्नाकडे वळण्याआधी धूर छातीत काय करतो ते पाहिले पाहिजे, नाहीतर तत्त्वचर्चा हवेतच राहते. डिझेलच्या धुरातील काजळीचे कण इतके बारीक असतात की नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात. सोबत येणारा नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांचे अस्तर सुजवतो. दम्यात या नलिका आधीच हुळहुळ्या झालेल्या असतात. जरा डिवचल्या की आवळतात, आत चिकट कफ साचतो, घरघर सुरू होते. मुलांचे दुर्दैव असे की त्यांच्या नलिका मुळातच अरुंद. मोठ्या माणसाला जी सूज जाणवतही नाही, तिने मुलाची वाट बंद होते. वजनाच्या मानाने मूल जास्त हवा आत घेते, खेळताना तोंडाने श्वास घेते आणि त्याचे नाक असते गाडीच्या धुराच्या नळीच्या जवळपास. वायुकोश बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात आणि फुप्फुसांची वाढ किशोरवय संपेपर्यंत चालू राहते. त्या काळात राहिलेली कसर नंतर भरून निघेलच, याची खात्री नसते.

हे लंडनपुरते नाही. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे जगभरात दर वर्षी सुमारे चाळीस लाख मुलांना नव्याने दमा जडतो, असा अंदाज २०१९ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली साडेतीन लाख मुले भारतातली. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीतल्या अकरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांची फुप्फुसे तपासली, तेव्हा दर दहांपैकी चार मुलांची श्वसनक्षमता कमी भरली. ग्रामीण भागातल्या मुलांमध्ये हे प्रमाण साधारण चारांत एक होते. आपल्याकडे अनेक घरांत ‘दमा’ हे नाव उच्चारायचीही भीती. मुलीला दमा म्हटले तर पुढे लग्नाचे काय, म्हणून फायलीवर ‘अॅलर्जिक ब्राँकायटिस’ चालतो, पंपाची सवय लागेल म्हणून पंप कपाटात राहतो आणि रात्री दोनला मुलाला उचलून वाफ द्यायला दवाखान्यात पळावे लागते.

आता पुन्हा पापाकडे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या एका ग्रंथात एक कल्पित प्रसंग मांडला. हजार छळकर्ते, हजार बळी. प्रत्येक छळकर्ता एक बटण दाबतो. त्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी थोडी वाढते की ती कोणाला जाणवतही नाही. हजार बटणे दाबून होतात तेव्हा हजारही माणसे तळमळत असतात. प्रत्येक छळकर्त्याला शपथेवर सांगता येते की माझ्यामुळे कोणाला काही झाले नाही. पारफिट यांचा निर्वाळा असा की जाणवण्याइतके नुकसान कोणी एकट्याने केले नसले तरी प्रत्येकाचे कृत्य चूकच आहे. याच्या उलट अमेरिकेतले वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग. रविवारी दुपारी निव्वळ मौजेखातर पेट्रोलपिऊ गाडी फिरवणारा माणूस हवामानबदलाच्या बाबतीत नैतिक चूक करतो का, हे त्यांनी २००५ च्या निबंधात तपासले. एकामागून एक तत्त्व लावून पाहिले आणि शेवटी सांगितले की त्या एका फेरीला चूक ठरवणारे ठाम तत्त्व हाती लागत नाही. कर्तव्य सरकारांचे आहे.

हवामानाच्या बाबतीत हा युक्तिवाद कदाचित टिकेल. गल्लीतल्या धुराच्या बाबतीत तो ढिला पडतो, कारण इथे अंतर मीटरमध्ये मोजायचे असते. शाळेच्या फाटकाशी चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर आधी पोहोचतो तो त्याच फाटकातून बाहेर येणाऱ्या मुलांपर्यंत. धूर कमी झाला की मुले सुधारतात, याचेही पुरावे आहेत, पण ते नीट निवडून घ्यावे लागतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचे उदाहरण फार लाडके आहे. सतरा दिवस वाहतूक आवरली आणि मुलांच्या दम्याच्या तातडीच्या तक्रारी चाळीसहून अधिक टक्क्यांनी घटल्या, असे पहिल्या अभ्यासात दिसले. नंतरच्या संशोधकांनी जास्त माहिती घेऊन तपासले, तेव्हा त्या दिवसांत आसपासच्या इतर शहरांतही ओझोन उतरलेला आढळला आणि श्रेय वाहतुकीला किती, हवामानाला किती, हे संदिग्ध झाले. हे सांगणाऱ्याने झाकू नये. दक्षिण कॅलिफोर्नियातला पुरावा अधिक भक्कम आहे. तिथे १९९० च्या दशकापासून मुलांच्या तुकड्यांमागून तुकड्या वर्षानुवर्षे तपासल्या गेल्या. याच काळात कडक नियमांमुळे हवा स्वच्छ होत गेली, तशी पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता चिंताजनक कमी असलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले आणि नव्याने दमा जडण्याचे प्रमाणही सुमारे पाचव्या हिश्शाने घटले. कुठलाही एक चालक या मुलांच्या वाईटाला कारण नव्हता, भल्यालाही नव्हता. सगळे मिळून मात्र दोन्हींना कारण ठरले.

हेतू नसताना झालेली हिंसा हिंसा मानायची का, हा वाद आपल्याकडे अडीच हजार वर्षे जुना आहे. मज्झिमनिकायातल्या उपालीसुत्तात नालंदेचा धनाढ्य गृहस्थ उपाली, निगंठ नातपुत्त म्हणजे महावीरांचा अनुयायी, बुद्धाशी वाद घालायला जातो. त्याचा पक्ष असा की कायेने केलेले कर्म सर्वांत दोषी. बुद्ध विचारतो, तुमचा संयमी निगंठ साधू चालताना किती बारीक जीव चिरडतो, त्याचे काय? उपाली म्हणतो, हेतू नसेल तर दोष मोठा नाही. तिथेच तो हरतो, कारण हेतू मनात असतो. बौद्धांसाठी चेतना हेच कर्म. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ही भूमिका फार सोयीची: आपला हेतू कामावर जाण्याचा.

पण बौद्ध परंपरेतच पुढे ‘मिलिंदपन्ह’ आहे. ग्रीक राजा मिलिंद नागसेनाला विचारतो, जाणून पाप करणारा वाईट की नकळत करणारा? राजाला वाटते जाणून करणारा. नागसेन उलट उत्तर देतो: तापलेला लोखंडाचा गोळा नकळत पकडणाऱ्याचाच हात जास्त भाजतो. आणि जैनांची बाजू उपालीच्या उत्तराइतकी भोळी नाही. त्यांच्या शास्त्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, धरली आहे. सावध साधूच्या पावलाखाली अचानक जीव आला तर ती हिंसा नाही. बेसावध माणसाच्या हातून जीव मेला नाही तरी ती हिंसा. शिवाय केलेले, करवलेले आणि अनुमोदिलेले, असे तिन्ही मोजायचे. या हिशेबात चालक एकटा सापडत नाही. पदपथ काढून रस्ता रुंद करणारा अधिकारी, शाळेला हमरस्त्याच्या कडेला परवानगी देणारा, बस बंद झाली तरी गप्प बसणारा मतदार, सगळे येतात. हवेतल्या जीवांना आपल्या श्वासाने इजा होऊ नये म्हणून मुखपट्टी बांधणाऱ्या परंपरेकडून याहून सैल हिशेबाची अपेक्षाही नसावी.

बेफिकिरीचे माप काय? माहिती. इथे बार्लो यांचा निष्कर्ष पुन्हा उपयोगी पडतो. प्रदूषणाने दमा बळावतो, हे एलाच्या आईला कोणी सांगितलेच नव्हते; सांगितले असते तर तिने काही पावले उचलली असती आणि मृत्यू कदाचित टळला असता, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. हा मुद्दा उलटाही फिरतो. ज्याला माहीत नाही त्याचा प्रमाद हलका. हा लेख इथवर वाचलेल्या माणसाला ती सवलत राहत नाही.

एक तिसरे उत्तर आपल्याकडे न सांगता दिले जाते. मूल सतत आजारी पडले की ‘त्याचे भोग’, ‘प्राक्तन’ असे शब्द घरात येतात. ही अत्यंत निर्दय पळवाट आहे. तिच्याविरुद्ध साक्ष महाभारतच देते. आदिपर्वात मांडव्य ऋषीला चोर समजून सुळावर चढवले जाते. तो धर्माला जाब विचारतो, तेव्हा कळते की लहानपणी त्याने किड्यांना गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ. मांडव्य संतापतो, धर्माला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतो (तोच विदुर) आणि मर्यादा घालून देतो की चौदा वर्षांपर्यंत केलेले कुठलेही कृत्य पातक धरले जाणार नाही. लहान मुलाच्या खात्यावर पाप टाकण्याबद्दल प्रत्यक्ष धर्माला शिक्षा भोगावी लागते, अशी ही कथा. कर्मसिद्धान्ताचे अभिमानी ती फारशी सांगत नाहीत.

तरीही नेमकी याच प्रश्नासाठी घडवलेली वाटावी अशी कल्पना धर्मशास्त्रात आहे, आणि तीही मनुस्मृतीत. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, ते योग्यच झाले; पण त्याच्या तिसऱ्या अध्यायातली पंचसूनांची कल्पना तपासण्यासारखी आहे. सूना म्हणजे कत्तलीची जागा. गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा असतात: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. रोज किडेमुंग्या तिथे मरतात. कोणाचा हेतू नसतो आणि ही कामे सोडून जगताही येत नाही. म्हणून गृहस्थाला दुष्ट ठरवलेले नाही आणि निर्दोष म्हणून सोडूनही दिलेले नाही. त्याच्यावर रोजची परतफेड लावली आहे, पंचमहायज्ञांची. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत परवापरवापर्यंत चाललेला वैश्वदेव, काकबळी, गोग्रास, दारी आलेल्या अतिथीचे पान, ही सगळी त्याच हिशेबातली देणी.

पारफिट आणि सिनॉट-आर्मस्ट्राँग ज्या ‘दोषी की निर्दोष’ या पेचात अडकतात, तो इथे सुटतो. जगण्यातून होणारी हिंसा हे रोजचे कर्ज. हेतू असो नसो, ते फेडायचे. दारातली गाडी ही आजच्या घराची सहावी सूना मानली तर बराचसा घोळ मिटतो. चालकाला खुनी म्हणण्याची गरज राहत नाही आणि ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हा प्रश्नही गैरलागू ठरतो. माझ्या एकट्याच्या माठाखाली चिरडलेल्या मुंग्यांनी तरी जगाचे काय बिघडत होते?

पण या कल्पनेत दोन मोठी भोके आहेत, आणि ती आजच्या रस्त्यावरही जशीच्या तशी सापडतात. पहिले असे की शास्त्रकाराला चुलीत जळणारा किडा दिसला, चुलीपाशी फुंकणी घेऊन खोकणारी बाई दिसली नाही. तिच्या पदराआडच्या मुलाची छाती त्याच धुराने भरत होती, याचा हिशेब कुठल्याही सूत्रात नाही. सूना होत्या बाईच्या हातातल्या वस्तू, यज्ञाचे पुण्य पुरुषाचे. दुसरे असे की परतफेड ज्यांचे नुकसान झाले त्यांना मिळतच नव्हती. मुंगी मेली आणि पितर तृप्त झाले. अशी परतफेड हळूहळू रिवाज बनते आणि रिवाज पार पडला की माणूस निर्धास्त होतो.

आजचा असा रिवाज म्हणजे पीयूसी. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी करायची, नळीत कांडी घालायची, फोटो, प्रमाणपत्र, झाले प्रायश्चित्त. या चाचणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. मुलांच्या दम्याशी ज्याचे नाते सर्वांत जास्त तपासले गेले, तो नायट्रोजन डायऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ निकष आले, इंधनातले गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहा भागांवर आले, ही खरी सुधारणा. विजेच्या गाडीला धुराची नळीच नाही, तेही चांगले. ब्रेक आणि टायरची भुकटी मात्र तिचीही उडते. आणि मोजण्याचे माप? वर्षाच्या सरासरीत नायट्रोजन डायऑक्साइड घनमीटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. भारताची मर्यादा ४० आहे.

लंडनने दुसरा रस्ता धरला. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीने हद्दीत यायचे तर दिवसाला साडेबारा पौंड भरायचे. रोजचे कर्ज, रोजची फेड. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही हद्द वाढवली, ती नेमकी साउथ सर्क्युलर रस्त्यापर्यंत आणि तो रस्ता वगळून. तो आत यायला २९ ऑगस्ट २०२३ उजाडला, तेव्हा हद्द सगळ्या लंडनभर पसरली. गरीब गाडीवाल्यांवर अन्याय म्हणून तिला कडाडून विरोध झाला, आणि तो सगळाच खोटा नव्हता. पैशाच्या परतफेडीला आणखी एक खोड असते. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर दंड लावला, तेव्हा उशीर करणारे वाढले. दंड भरला की लाज संपली. धुराचा कर भरणाऱ्यालाही धूर विकत घेतल्यासारखे वाटू शकते.

म्हणून परतफेड ज्याच्या छातीत धूर गेला त्याच्यापर्यंत पोहोचली तरच तिला फेड म्हणावे. ती कुठे द्यायची हे शोधायला लांब जावे लागत नाही. दुपारी शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही शहरातल्या फाटकासमोर पाहा: एसीसाठी चालू ठेवलेल्या मोटारी, फटफटणाऱ्या दुचाकी, उघड्या रिक्षात दाटीने बसलेली मुले आणि त्यांच्या मधोमध बोरे-चिंचा विकणारी बाई. युरोपातल्या अनेक शहरांत शाळा भरताना आणि सुटताना समोरचा रस्ता वाहनांना बंद असतो. पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता दिवसभर चालणाऱ्यांना मोकळा ठेवू शकते, तर शाळांसमोरचे रस्ते रोज अर्धा तास ठेवणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. पालक सभेत वाचकांनी हा विषय काढावा, शाळेकडून नगरसेवकाला पत्र जावे, फाटकापाशी नायट्रोजन डायऑक्साइड मोजण्याची मागणी व्हावी. आणि तोवर, मुलाची वाट पाहत उभे असताना, किल्ली फिरवून इंजिन बंद करावे.